वीस मिनिटं

आधी शेजाऱ्याच्या खिडकीकडे बघायचं.
तिथे उजेड असेल, तर दुखणं आपल्याच घरातलं.
त्सिआलाबाईंनी हे बघून ठेवलंच होतं:
"समोर गुरामचा टीव्ही चालू असतो.
अंधार फक्त माझ्याकडे, तोही मागच्या खोलीत.
येतो, जातो. जावयासारखा."

झेस्ताफोनी, चौथा मजला, नोव्हेंबर.
जिन्यात कुणाच्या तरी खारवलेल्या कोबीचा वास.
मी मीटर पाहिला, फ्यूज पाहिले,
प्रत्येक स्क्रू अर्धा फेरा आवळला.
मग सगळं बंद करून एकेक चालू केलं:
दिवा, इस्त्री, राउटर, हीटर.
दहा मिनिटं थांबलो. पुढे दुसरं गिऱ्हाईक होतं.
काही झालं नाही.
डॉक्टरच्या दारात दाढ दुखायची थांबते, तशातलं.

म्हटलं, वही घाला.
लाइट गेली की वेळ लिहा, आणि तेव्हा काय काय चालू होतं ते.

दोन आठवड्यांनी गेलो.
बाई भूगोलाच्या, समास आखलेला, अक्षर टपोरं.

मंगळवार, ७:५०. हीटर, राउटर, दिवा.
नातिया म्हणाली, आई, मला तुला एक

शुक्रवार, ७:४०. हीटर, राउटर, दिवा.
नातिया: सिन्योरा बऱ्या आहेत, जेवतात, पण मी

रविवार, ८:२०. हीटर, राउटर. (दिवा मुद्दाम लावला नाही.)
नातिया: हिवाळ्यात मी येणार होते ना, तर

मी वेळा वाचत होतो.
वाक्यं वाचणं माझ्या कामात येत नाही.
"नेपल्सहून फोन किती वाजता लागला?"
साडेसात. सात वीस. आठ.
"आणि हीटर कधी लावता?"
"फोन वाजला की. एकटीसाठी ती खोली कशाला तापवायची?"

"परत फोन नाही करत ती?"
"उजेड येईपर्यंत तिकडे म्हातारीच्या गोळ्यांची वेळ होते."
मग थोड्या वेळाने, कप विसळता विसळता:
"मीही नाही करत."

कपाट सरकवलं. वॉलपेपर कापला. डबी.
आत तांब्याला ॲल्युमिनियम पिळून बांधलेलं,
वर कापडी पट्टी, जळून पापडासारखी.
हीटरने सांधा तापायचा, तापला की सुटायचा,
निवला की पुन्हा धरायचा,
जसं काही झालंच नाही.

"कुणी केलं हे?"
"आमच्या ह्यांनी, ब्याऐंशी साली.
म्हणाले होते, शंभर वर्षं बघायला नको."
मी गप्प राहिलो.
गेलेल्या माणसाच्या वायरिंगला नावं ठेवू नयेत,
निदान त्याच्या बायकोची कॉफी हातात असताना.

जळकं टोक कापलं, मधे पितळी कनेक्टर घातला.
हीटर पूर्ण लावून दोघं बसून राहिलो.
वीस मिनिटं. तीस. चाळीस.
खोली इतकी तापली की बाईंनी शाल काढली
आणि घडी घालून मांडीवर ठेवली.
पैसे दिले, वर आंबट आलुबुखारच्या चटणीची बरणी.
दारात म्हणाल्या, "आता जाणारच नाही?"
जाणार नाही, मी म्हटलं, जरा ऐटीत.

गुरुवारी रात्री नऊला त्यांचा फोन.
"लाइट गेली नाही."
"मग बरं झालं."
"गेली नाही," पुन्हा म्हणाल्या. "पूर्ण बोलली ती."
मागे हीटरचा पत्रा तडतडत होता.

मी काय ते विचारलं नाही.
म्हटलं, नवा जोड आहे,
महिन्याभराने स्क्रू एकदा आवळून जाईन.
"या," म्हणाल्या. "तुमची वही इथेच राहिली आहे."

वही माझी नव्हती.